औषधाच्या डब्यातली न सुटणारी गाठ

गेल्या हिवाळ्यात आमच्या अब्बांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख ठरली. ठरल्या दिवशी उपाशीपोटी त्यांना घेऊन आम्ही दवाखान्यात पोचलो. अम्मी रात्रभर दुआ करत बसली होती, धाकट्या भावानं कामावर रजा टाकली होती, खालाजान तर गावाहून डबा घेऊन आल्या होत्या. सर्जननी फाइल चाळली आणि विचारलं, "चाचा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" अब्बा रुबाबात म्हणाले, "होती. परवाच बंद केली. तेवढं कळतं आम्हाला." सर्जननी फाइल मिटली. ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं. वर अब्बांना बोलणीही खावी लागली, कारण त्यांच्या हृदयात स्टेंट आहे, आणि अशी गोळी कुणाला न विचारता बंद करणं हाच मुळात मोठा धोका. हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं आणि गोळी कधीपासून थांबवायची, पुन्हा कधी सुरू करायची, हे त्या दोघांनी मिळून ठरवलं.

परतताना रिक्षात अब्बा घुश्शात होते. "तापाची गोळी सहा तासांत उतरते," ते म्हणाले. "ही तर ७५ मिलिग्रॅमची, मसुराच्या डाळीएवढी. दोन दिवसांत उतरत नाही म्हणजे काय? तुम्ही शाळेत शिकवता ना बेटा, सांगा बरं."

आम्हाला सांगता आलं नाही. आमची शाळा उर्दू माध्यमाची. आम्ही मूळचे भाषांचे शिक्षक, उर्दू आणि मराठी. पण विज्ञानाच्या तासांना माणूस कमी पडला की तेही आमच्याकडे येतात, आणि गेली कित्येक वर्षं माणूस कमीच आहे. त्यामुळे आठवीचा रासायनिक बंधाचा धडा आणि दहावीची कार्बनी संयुगं आम्ही दर वर्षी शिकवतो. अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच धड्यात होतं, हे मात्र पुढच्या चार-सहा दिवसांत पुस्तकं धुंडाळल्यावर कळलं. त्या शोधात घरातला औषधाचा अख्खा डबाच आम्ही टेबलावर रिकामा केला.

आधी तो धडा थोडक्यात. मिठामध्ये सोडिअमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं, आणि मग दोघं एकमेकांकडे ओढले जातात. पाण्याच्या रेणूत असं होत नाही. तिथे ऑक्सिजन आणि हायड्रोजन आपापला एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांची समाईक होते. याला सहसंयुज बंध म्हणतात. उर्दू वर्गात आम्ही 'साझा' हा शब्द वापरतो, तो मुलांना चटकन कळतो. अमेरिकेतल्या बर्कले इथल्या गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली ही जोडीची कल्पना मांडली, आणि तीन वर्षांनी अर्विंग लँगम्यूर यांनी तिला आज रूढ असलेलं इंग्रजी नाव दिलं. आपण फळ्यावर अणूभोवती ठिपके काढतो, ती रीतही लुईस यांचीच. त्यांना नोबेल मात्र कधी मिळालं नाही. का मिळालं नाही, यावर रसायनवाले आजही वाद घालतात.

हा बंध किती पक्का? मीठ पाण्यात टाकलं की त्यातले सोडिअम आणि क्लोरीन सुटे होतात. साखरही विरघळते, पण साखरेच्या एका रेणूच्या आतला एकही बंध सुटत नाही. म्हणून तर सरबताच्या शेवटच्या घोटापर्यंत साखर साखरच राहते. आकड्यांत सांगायचं तर कार्बन-कार्बनमधला साधा सहसंयुज बंध तोडायला मोलमागे ३५० किलोजूलच्या आसपास ऊर्जा लागते. पाण्याच्या दोन रेणूंना एकमेकांजवळ धरून ठेवणाऱ्या हायड्रोजन बंधाला २० च्या आसपास पुरते.

आता औषधांकडे येऊ. आपण घेतो त्यातली बहुतेक औषधं शरीरातल्या एखाद्या प्रथिनावर जाऊन बसतात, आणि बसतात ती या दुसऱ्या, हलक्या प्रकारच्या ओढीनं. घरी पाहुणा यावा, चहा घ्यावा आणि निघावं, तसं. रक्तातलं औषध कमी झालं की प्रथिनावरचंही उठून जातं. म्हणूनच सहा तासांनी, आठ तासांनी पुन्हा गोळी. पण थोडी औषधं अशी आहेत की ती पाहुणी म्हणून येतच नाहीत. ती प्रथिनाशी सहसंयुज बंध करतात. मग गोळी रक्तातून निघून गेली तरी तिचं काम मागे उरतं.

अब्बांची अ‍ॅस्पिरिन त्यातली सगळ्यात जुनी. जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ साली ती शुद्ध स्वरूपात तयार केली. ती काम कशी करते, हे पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरीही जग ती घेत होतं! १९७१ मध्ये लंडनच्या जॉन व्हेन यांनी दाखवलं की वेदना आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होण्याचं काम अ‍ॅस्पिरिन रोखते. त्यांना १९८२ साली नोबेल मिळालं. ती नेमकी कशी रोखते, हे त्यानंतरच्या काही वर्षांत उलगडलं.

ते असं. ही द्रव्यं बनवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या पेशींत असतं. त्याच्या पोटात एक अरुंद बोळ आहे. कच्चा माल त्या बोळातून आत जातो आणि आत त्याचं रूपांतर होतं. बोळाच्या भिंतीवर सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल बसलेलं आहे. सेरीन पहिल्यांदा १८६५ मध्ये रेशमापासून मिळालं, नावही रेशमावरूनच पडलं. त्याच्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक छोटी जोडी असते, हे लक्षात ठेवा, कारण हे सेरीन या लेखात आणखी दोनदा भेटणार आहे. अ‍ॅस्पिरिनचा रेणू आत शिरतो, आपला एक तुकडा, अ‍ॅसिटिल गट, त्या सेरीनला सहसंयुज बंधानं कायमचा जोडतो, आणि उरलेला भाग घेऊन निघून जातो. कुलपात कुणी काडी घालून ती आत मोडून ठेवावी, तसं. काडी मोडणारा केव्हाच पळाला, पण कुलूप आता उघडत नाही. रक्तात अ‍ॅस्पिरिन स्वतः फार वेळ टिकतच नाही. पंधरा-वीस मिनिटांत निम्मी संपते.

मग बाकीच्या पेशी काय करतात? त्या नवं विकर बनवतात. बिघडलं ते टाकून दिलं, दुसरं घडवलं, काही तासांत काम सुरू. पण रक्त गोठवणाऱ्या ज्या रक्तपट्टिका आहेत, ज्यांना डेंग्यूच्या दिवसांत आपण सगळे प्लेटलेट म्हणून ओळखायला लागलो, त्यांच्यात केंद्रकच नसतं. केंद्रक नाही म्हणजे नवं विकर बनवायचा नकाशाच हाताशी नाही. एकदा कुलूप बिघडलं की ती रक्तपट्टिका मरेपर्यंत तशीच. तिचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. रोज सुमारे एक दशांश रक्तपट्टिका नव्या येतात. अब्बांनी दोन दिवस गोळी बंद ठेवली तेव्हा त्यांच्या रक्तात पाचातल्या चार रक्तपट्टिका अजून काडी मोडलेल्याच होत्या. सर्जननी आठवडाभराची वाट पाहायला सांगितली ती का, याचा हिशेब इतका साधा आहे.

डोकेदुखीला ३००-६०० मिलिग्रॅम आणि हृदयाला ७५ का, हेही यातूनच समजतं. दुखणं थांबवायला सगळ्या पेशींना पुन्हा पुन्हा अडवावं लागतं. रक्तपट्टिकांना रोज थोडीशी पुरते, कारण कालची जखडलेली आजही जखडलेलीच असते.

इथे घरोघरी होणारी एक चूक सांगायलाच हवी. आयबुप्रोफेन ही गुडघेदुखीची आवडती गोळी त्याच बोळात जाऊन बसते, पण पाहुण्यासारखी, तात्पुरती. हृदयाची अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या माणसानं त्याआधी आयबुप्रोफेन घेतली तर काय होतं? अ‍ॅस्पिरिन दारापाशी येते तेव्हा जागा भरलेली असते. पाहुणा उठून जाईपर्यंत बिचारीची पंधरा-वीस मिनिटं संपलेली असतात. गोळी गिळली गेली, पैसे गेले, आणि हृदयाला संरक्षण मिळालं नाही. आमच्या अम्मीच्या गुडघ्याच्या गोळ्या आणि अब्बांच्या हृदयाच्या गोळ्या एकाच डब्यात असत, आणि अब्बा "जरा एक दे" म्हणून तिच्यातली घेत असत. आता डबे दोन आहेत. आणखी एक गोष्ट: पावसाळ्यात डेंग्यूची शंका असलेल्या तापात अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही टाळायला डॉक्टर सांगतात. रक्तपट्टिका आधीच घटलेल्या असताना उरलेल्याही निकामी करायच्या, हे अंगावर येऊ शकतं.

डब्यात दुसरं सापडलं ते '६२५ ची गोळी'. घसा दुखला, दाढ सुजली की मेडिकलवाल्याकडे लोक याच नावानं मागतात. हे ६२५ म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. या दुसऱ्या भागाची गोष्ट मजेदार आहे, पण आधी पहिल्याची.

अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशीचा तो प्रसिद्ध परिणाम पाहिला. त्याचं औषध केलं ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या गटानं. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला ते टोचलं गेलं. त्याच्या चेहऱ्यावरचा संसर्ग रक्तात पसरला होता, एक डोळा गेला होता. दिवसभरातच त्याला उतार पडू लागला. पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचत. शेवटी साठा संपला, संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो वारला. विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट सांगितली की वर्गात शांतता पसरते. पुढे आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो मुख्यतः पेनिसिलिनसाठी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं.

जिवाणूच्या भोवती एक भिंत असते. साखरेच्या लांब साखळ्या, आणि त्यांना आडव्या जोडणाऱ्या अमिनो आम्लांच्या कड्या. ही सगळी जाळी सहसंयुज बंधांनी विणलेली. जिवाणू वाढतो तेव्हा जुनी वीण उसवत नवी घालत जातो, आणि ती आडवी गाठ मारणारं त्याचं एक विकर असतं. त्या विकराच्या तळहातावर असतं पुन्हा एक सेरीन. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक चौकोनी कडं आहे. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांनी ते दाखवलं, तोवर इतका ताणलेला चौकोन असू शकतो यावर काही नामांकित रसायनतज्ज्ञांचा विश्वास नव्हता. हा चौकोन म्हणजे ताणून बसवलेली स्प्रिंग. विकराला वाटतं आपल्या भिंतीचाच धागा हाती आला. ते पकडतं, स्प्रिंग सुटते, आणि पेनिसिलिन सेरीनला सहसंयुज बंधानं चिकटून बसतं. गाठ मारणारा हातच बांधला गेला. उसवणं चालूच राहतं, वीण पडत नाही, आणि आतल्या दाबानं जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही, म्हणून ज्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही त्यांना ते सहसा सोसतं.

जिवाणूंनीही यावर तोड काढली. कित्येकांकडे एक दुसरं विकर आहे. तेही आपल्या सेरीननं पेनिसिलिनशी अगदी तसाच बंध करतं, फक्त लगेच पाण्याचा एक रेणू मध्ये आणून तो बंध तोडून टाकतं. स्प्रिंग सुटलेली, औषध निकामी, आणि विकर पुढच्यासाठी मोकळं. असं एकेक विकर सेकंदाला हजाराच्या आसपास रेणूंचा निकाल लावू शकतं. विशेष म्हणजे पेनिसिलिन बाजारात यायच्याही आधी, १९४० मध्येच चेन आणि त्यांचे सहकारी अब्राहम यांनी असं विकर जिवाणूंत पाहिलं होतं.

आता त्या १२५ मिलिग्रॅमचं काम लक्षात येईल. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः जिवाणूला फारसं काही करत नाही. ते पेनिसिलिनचा वेष घेऊन त्या तोडणाऱ्या विकराच्या हाती सापडतं आणि तिथेच असं चिकटतं की विकराला ते झटकता येत नाही. एक जण पोलिसाला बोलण्यात गुंतवतो, दुसरा काम उरकतो. (उपमा फारशी शोभणारी नाही, पण वर्गात ही चालते.)

या गोळीबद्दल आमची एक तक्रार आहे, आणि ती आपल्याच घरांबद्दल आहे. दोन दिवसांत घसा बरा वाटला की उरलेल्या चार गोळ्या 'पुढच्या वेळी' म्हणून डब्यात. मग त्या शेजारच्या पोराला खोकला झाला की त्याला. सर्दी-पडसं विषाणूचं असतं. विषाणूला ती भिंतच नाही, ते सेरीन नाही. गोळी तिथे कुणाचा हात बांधणार? ती बांधते पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूंचा, आणि ज्यांच्याकडे तोडणारं विकर आहे त्यांना रान मोकळं करून देते. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच अपुऱ्या मात्रेबद्दल बजावलं होतं. किती दिवस घ्यायची, हे आजाराप्रमाणे बदलतं. कधी तीन, कधी सात. ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपल्या घशानं नाही.

पित्ताच्या गोळ्यांवर फार वेळ घालवत नाही, पण त्याही याच जातीच्या आहेत. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल पोटाच्या आम्लातच जागे होतात आणि आम्ल सोडणाऱ्या पंपावरच्या गंधकाशी, म्हणजे सल्फरशी, सहसंयुज बंध करतात. रक्तातून तासा-दोन तासांत बहुतेक संपतात, पण परिणाम दिवसभर. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगतात कारण जेवताना जास्तीत जास्त पंप चालू होतात, आणि चालू पंपच जखडता येतो. जेवण झाल्यावर, जळजळ सुरू झाल्यावर घेऊन "फरक पडत नाही" म्हणणारे बरेच आहेत. रमजानमध्ये सहरी आणि इफ्तारमध्ये ही वेळ कशी बसवायची, ते महिना सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घेतलेलं बरं.

आता डब्यातली सगळ्यात साधी वाटणारी गोळी, पॅरासिटामॉल. ती स्वतः पाहुणीच आहे, चिकटत नाही. पण यकृतात तिच्यातला थोडा भाग एका आक्रमक द्रव्यात बदलतो, आणि ते मिळेल त्याच्या गंधकाशी सहसंयुज बंध करायला धावतं. यकृतानं त्यासाठी ग्लुटाथायोन नावाचं एक द्रव्य राखून ठेवलेलं असतं. ते पुढे होऊन हा मार स्वतःवर घेतं आणि लघवीवाटे निघून जातं. नेमक्या मात्रेत सगळं सुरळीत. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोन संपतं, आणि मग ते द्रव्य यकृताच्या प्रथिनांनाच धरतं. यात फसवं असं की पहिल्या दिवशी माणूस ठीक दिसतो, फार तर मळमळतं. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. यावर उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, जो ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरतो. पण त्याचा पूर्ण उपयोग पहिल्या आठ तासांत. म्हणून कुणी चुकून किंवा रागाच्या भरात मूठभर गोळ्या घेतल्या तर "काही होत नाहीये" म्हणून थांबू नये, तडक रुग्णालय गाठावं. प्रौढ माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर नको. आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांच्या पट्टीवर मागे वाचून पाहा, त्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. तापाची वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी अशी तीन नावं, आणि पोटात एकच औषध तिप्पट.

यकृतातला हा उत्पात १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवला. त्यानंतर औषध कंपन्यांनी सहसंयुज बंध करणाऱ्या औषधांचा धसकाच घेतला. भलत्याच प्रथिनाला चिकटलं तर? अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांत ही भीती ओसरली, कारण नेम धरता येऊ लागला. कर्करोगात केआरएएस नावाचं एक प्रथिन बिघडतं. तीसेक वर्षं त्याच्यावर औषध बसेना, कारण पकडायला खाचच सापडत नव्हती. त्या प्रथिनाच्या एका बिघडलेल्या रूपात बाराव्या जागी गंधक असलेलं अमिनो आम्ल येतं, जे निरोगी रूपात तिथे नसतं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केव्हन शोकाट यांच्या गटानं त्या गंधकाला धरणारे रेणू दाखवले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत सोटोरासिब हे त्या धर्तीवरचं पहिलं औषध फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्य झालं. निरोगी प्रथिनात ते गंधक नाही, त्यामुळे औषधाला तिथे बांधायला जागा नाही. त्यानं आजार कायमचा जातो असं नाही. पण जिथे दारच नव्हतं तिथे कडी सापडली, हे थोडं नाही.

आता डब्याबाहेरची एक बाटली. आमच्या वर्गात शेतमजुरांची मुलं आहेत, म्हणून ही सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, २० च्या आसपास माणसं दगावली. त्या काळात मोनोक्रोटोफॉसचं नाव वारंवार घेतलं गेलं. ते ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं. या जातीच्या कीटकनाशकांचा शोध जर्मनीत १९३० च्या दशकात गेरहार्ड श्राडर यांच्या प्रयोगशाळेत लागला, आणि त्यातूनच युद्धातले विषारी वायूही निघाले.

नसेनं स्नायूला हुकूम द्यायचा तो अ‍ॅसिटिलकोलिन या द्रव्याच्या मार्फत. हुकूम पोचला की एक विकर ते द्रव्य लगेच तोडून टाकतं, नाहीतर हुकूम चालूच राहील. त्या विकराच्या मध्यभागी पुन्हा सेरीन. कीटकनाशकातला फॉस्फरस त्या सेरीनच्या ऑक्सिजनशी सहसंयुज बंध करतो. विकर थांबतं, हुकूम थांबत नाही. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, छातीत कफ, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. किडा मरतो तो असाच, माणूसही.

उपचारात पहिलं औषध अ‍ॅट्रोपिन. ते बंध तोडत नाही, हुकूम ऐकू येऊ नये एवढं करतं. दुसरं प्रॅलिडॉक्झिम, डॉक्टर लोक त्याला पॅम म्हणतात. ते फॉस्फरसला सेरीनवरून ओढून स्वतःकडे घेतं. पण त्याला वेळेची मर्यादा आहे. काही तासांत त्या अडकलेल्या फॉस्फरसची एक फांदी गळून पडते आणि मग पॅमलाही तो निघत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्यांत हे लवकर होतं. त्यानंतर शरीर नवं विकर बनवेल तोवर, म्हणजे कित्येक दिवस ते आठवडे, माणसाला जगवत ठेवायचं. पॅम नेमकं किती आणि कसं द्यावं यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही. या वादातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या बारामतीतला आहे. तिथल्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आली. लवकर आणलेल्या रुग्णांना पॅम थांबून थांबून देण्यापेक्षा जास्त मात्रेत सतत दिल्यानं मृत्यू कमी झाले, असं त्यांना दिसलं. श्रीलंकेतल्या नंतरच्या चाचणीत पॅमचा तसा फायदा दिसला नाही.

वाद डॉक्टरांचा. आपल्या हाती आहे ते त्याआधीचं: फवारणीचे कपडे ताबडतोब काढायचे, अंग आणि केस साबणानं भरपूर पाण्यात धुवायचे, ताक-लिंबू पाजत बसायचं नाही, आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालयात धावायचं. बाटलीवरचं नाव वाचूनच डॉक्टरांना कळतं की सेरीनवर कोण बसलंय आणि हाती किती वेळ आहे. आमच्या दहावीच्या वर्गात कार्बनी संयुगांच्या धड्याला जोडून आम्ही आता हे फळ्यावर लिहितो. एका मुलानं विचारलं होतं, "सर, हे परीक्षेत येईल का?" येणार नाही, असं सांगितलं. त्यानं तरी लिहून घेतलं.

अब्बांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात नीट पार पडलं, अलहम्दुलिल्लाह. सांगितलेल्या दिवशी अ‍ॅस्पिरिन पुन्हा सुरू झाली. काडी मोडलेल्या कुलपाची गोष्ट त्यांना इतकी आवडली की मशिदीतून येताना दोस्तांना तीच सांगत असतात, थोडी मीठमसाला लावून. परवा डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची एक नवी गोळी लिहून दिली. अब्बांनी चष्मा लावून पट्टी उलटसुलट पाहिली आणि डॉक्टरांना विचारलं, "ही पाहुणी आहे, की घरात राहायला आलीये?" डॉक्टर गोंधळून आमच्याकडे पाहत राहिले.